कृपया हात लावा

गणपती जवळ आले की या पानाला पत्रं वाढतात, दरवर्षीचंच आहे. सोसायट्यांमध्ये स्पर्धा-प्रदर्शनाचे फॉर्म फिरायला लागतात आणि मग सगळ्यांना कपाटात कोंबलेल्या वस्तू आठवतात. या वेळी पहिलंच पत्र असं आलं की मी ते तीनदा वाचलं, त्यामुळे निम्म्याहून जास्त पान त्यालाच गेलंय, बाकीच्यांनी रागवू नका.

प्रश्न: ताई, सप्रेम नमस्कार. मी वारज्याला राहते, वय ४७. आधी एका ऑफिसात अकाउंट्स बघायचे, लॉकडाऊनमध्ये घरी बसले ती बसलेच, आणि तेव्हाच यूट्यूबवर बघून क्रोशा शिकले. तेव्हापासून रोज दुपारी काही ना काही चालूच असतं. दिवाणाच्या पोटात दोन मोठ्या पिशव्या भरून सामान पडलंय, टेबलमॅट, रुमाल, तोरणं, दोन बाहुल्या, बाळाचं एक जॅकेट. घरच्यांशिवाय कोणी बघितलेलं नाही. एकदा मुलीच्या वाढदिवसाला एक मॅट टेबलावर घातली होती तर नणंद म्हणाली, "वेळ बरा मिळतो गं तुला!" ती मनाने वाईट नाहीये पण त्यानंतर मी मॅट काही बाहेर काढली नाही. आता गणपतीत सोसायटीच्या हॉलमध्ये सगळ्यांच्या कलाकुसरीचं प्रदर्शन आहे आणि शेजारच्या काकूंनी मला न विचारता माझं नाव देऊन टाकलंय. माझं काम त्या लेव्हलचं नाही हो. मोठा गोल करायला घेतला की कडा वर उचलतात आणि मॅटची वाटी होते. लाज वाटते दाखवायला. दाखवू का नको? आणि कॉन्फिडन्स आणायचा कुठून?

उत्तर: आधी वाटीचं बघू, कारण तुमच्या पत्रातल्या तेवढ्या एकाच गोष्टीचं उत्तर मला शंभर टक्के माहितीये.

खांबाचा, म्हणजे क्रोशाच्या उंच टाक्याचा, गोल सपाट यायला हवा असेल तर पहिल्या फेरीत १२ खांब, दुसरीत प्रत्येक खांबावर दोन म्हणजे २४, तिसरीत एकाआड एक खांबावर दोन म्हणजे ३६, चौथीत दोन खांब साधे आणि तिसऱ्यावर दोन म्हणजे ४८, थोडक्यात काय तर दर फेरीला बारा वाढलेच पाहिजेत, कमी नको, जास्त नको. मुक्या खांबाचा, म्हणजे बुटक्या टाक्याचा, गोल असेल तर हाच हिशोब सहाचा. वाढ कमी पडली की कडा वर येतात आणि वाटी होते, जास्त झाली की परकराच्या घेरासारखी झालर येते. तुमचं बहुतेक असं होत असणार की फेरीच्या सुरुवातीला ज्या तीन साखळ्या घालतो तो त्या फेरीतला पहिला खांब धरायचा असतो, तो तुम्ही धरत नाही, किंवा फेरी जोडताना तिसऱ्या साखळीत सुई न घालता भलतीकडेच घालता. मग दर फेरीला एखादा खांब गळतो. पाचव्या फेरीपर्यंत पत्ता लागत नाही, दहाव्या फेरीला मॅट तोंड वर करते. तरी नाही जमलं तर तुमचा हात घट्ट आहे, एक नंबर मोठी सुई घेऊन बघा. आणि वाढ दर वेळी बरोबर खालच्या वाढीच्या डोक्यावर देऊ नका, थोडी सरकवत न्या, नाहीतर गोलाला कोपरे येतात, तेही माझं झालंय. अकाउंट्स बघायचात ना? मग दर फेरीच्या शेवटी टोटल मारायची. मिळाली तर पुढे, नाही मिळाली तर एकच फेरी उसवावी लागते, दहा नाही.

झालेली वाटी मात्र उसवू नका, तिचं पुढे सांगते.

आता कॉन्फिडन्सचं. माझी पहिली धड जमलेली वस्तू म्हणजे एक जाळीची पिशवी होती, पिस्ता कलरच्या सुती दोऱ्याची. घरी येईल त्याला मी ती दाखवायचे, सगळे म्हणायचे "छान आहे", आणि मला दर वेळी आतून काहीतरी कमीच वाटायचं, का ते कळायचं नाही. आपल्याकडे छान आहे हे पोह्यांनाही म्हणतात, नवीन पडद्यांनाही म्हणतात आणि समोरच्याच्या जावयालाही म्हणतात. मग एक दिवस थोरल्या वहिनीने ती पिशवी सरळ उचलली आणि मंडईत नेली. दोन किलो कांदे, दुधी, पाव किलो मिरच्या. परत आली तेव्हा पिशवी तिच्या गुडघ्यापर्यंत लोंबत होती, बंद ताणून हातभर झालेले आणि निम्म्या मिरच्या जाळीतून रस्ताभर सांडलेल्या. दारातच म्हणाली, "दोरा चांगलाय गं, पण बंद असले रबरासारखे कशाला केलेस? आणि बुडाला एवढी भोकं कोण ठेवतं?"

मला राग यायला हवा होता. पण झालं उलटंच, पहिल्यांदाच वाटलं की कोणीतरी माझं काम बघितलं.

दुसरी पिशवी केली तेव्हा बुडाला जाळी नाही, मुका खांब गच्च घातला. बंद आडवे न विणता लांबीच्या दिशेने विणले, आतून जुन्या सुती साडीच्या काठाची पट्टी शिवली. त्याही पिशवीत एक गोची निघाली, बंद अंगाला जिथे जोडले होते तिथेच ती उसवली. तिसरी पिशवी मात्र वहिनीकडे नऊ वर्षं झाली अजून चालू आहे, पिस्ता रंग कुठल्या कुठे गेलाय, आता ती राखाडी म्हणावी अशी दिसते, आणि मला विचाराल तर माझी सगळ्यात देखणी वस्तू तीच.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की दिवाणातलं सामान आधी दाखवू नका, देऊन टाका. प्रदर्शनाला अजून महिना आहे ना, तेवढ्यात तीन वस्तू तीन घरांत जाऊ देत, आणि वस्तू जपून ठेवणाऱ्या माणसाला देऊ नका, दणकून वापरणाऱ्याला द्या. देताना "इथे जरा चुकलंय बरं का" म्हणत स्वतःच बोट दाखवायचं नाही, ही आपली फार वाईट सवय आहे, समोरच्याने अजून नीट बघितलेलंही नसतं आणि आपण चुकांची यादी वाचायला लागतो. प्रदर्शनाच्या थोडं आधी जाऊन फक्त विचारायचं की कशी चालली आहे वस्तू. कुठे ताणली, कुठे उसवली, धुतल्यावर आटली का, कुत्र्याने खाल्ली का. जे ऐकाल त्यातलं निम्मं तुम्हाला दुरुस्त करता येईल, आणि ते करता येतंय हे जेव्हा हाताला कळतं ना, तेव्हा प्रदर्शनाच्या टेबलामागे उभं राहताना पाय लटपटत नाहीत. निदान माझे तरी कमी लटपटले.

पहिली मॅट नणंदेला द्या. खरंच सांगते. कुकरखाली ठेवायला म्हणून द्या. फक्त सुती दोऱ्याचीच द्या हं, आपण दुकानात लोकर म्हणून जे घेतो ते बहुतेक ॲक्रिलिक असतं, गरम कुकरखाली ते वितळून चिकटेल आणि मग ती जे बोलेल ते रास्त असेल. (बाळाचं जॅकेट ॲक्रिलिकचं असेल तर त्यावर इस्त्रीही फिरवू नका, विणीतला जीव जातो, लुळी पडते, परत उठत नाही.) आणि परत "वेळ बरा मिळतो" आलंच तर "हो, काढते मी" एवढंच म्हणायचं आणि चहा टाकायला उठायचं.

लोक काय म्हणतील याची भीती आपल्यालाच असते असंही नाही. रुखवत मांडलेलं आठवतंय का जुन्या लग्नांमधलं? भरतकामाचे रुमाल, सुपारीच्या बाहुल्या, फुलवातींची झाडं. ते सगळे बघायचे पण वरपक्षाकडची एखादी आत्या हमखास रुमाल उलटा करून बघायची. मागची बाजू. गाठी कशा मारल्यात, धागे कसे ओढलेत. पुढून कोणीही फसवतं. मला त्या आत्या तेव्हा खवट वाटायच्या, आता वाटतं की अख्ख्या मांडवात काम बघणारी तेवढी एकच होती.

आणि एक करा, एखाद्या दुपारी बाजीराव रोडवरच्या केळकर म्युझियममध्ये जाऊन या. शाळेच्या सहलीत गेला असाल तर ते जाणं धरू नका. दिनकर केळकरांनी, म्हणजे कवी अज्ञातवासींनी, १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू गोळा करायला सुरुवात केली ती आयुष्यभर केली आणि लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव त्या संग्रहाला दिलं. वीस हजारांच्या वर वस्तू आहेत त्यांच्याकडे, मांडलेल्या त्यातल्या थोड्याच. राजेरजवाड्यांचं सामान बघायला जाऊ नका, अडकित्ते बघा, दिवे बघा, स्वयंपाकाची भांडी बघा. रोजच्या वापरातल्या, झिजलेल्या. तो अमुक अडकित्ता कोणी घडवला ते कुठेच लिहिलेलं नाही, नाव कोणी कोरलंच नव्हतं, पण अडकित्त्याच्या मुठीला पोपट करायची त्याला हौस आली आणि त्याने तो केला. मी त्या कपाटापुढे दर वेळी जास्तच रेंगाळते. तिथून बाहेर पडलं की आपली मॅट त्या लेव्हलची आहे का हा प्रश्न थोडा हास्यास्पद वाटतो, सांगता येत नाही का ते.

आता प्रदर्शन. काकूंनी नाव दिलंय ते राहू दे. सगळं सामान मांडू नका, सहा-सात वस्तू बास. भिंतीला टाचण्या मारून लावू नका, क्रोशा ताणला की ओळी वाकड्या दिसतात. सुती मॅट असतील त्या आदल्या दिवशी भिजवून, दाबून पाणी काढून, टॉवेलवर टाचण्यांनी गोल ताणून वाळवा, पार्लरमधून आल्यासारख्या दिसतील. वापरून आलेल्या तीनपैकी एक वस्तू परत मागून आणून तीही ठेवा, डागासकट. आणि ती वाटी पण ठेवा, त्यात सोसायटीच्या किल्ल्या टाका, बघा पहिली ऑर्डर कशाची येते.

आपल्या पुण्यात पाट्यांना तोटा नाही, पण सगळ्या नका म्हणणाऱ्या. हॉलमध्ये बाकीच्या टेबलांवर "वस्तूंना हात लावू नये" लिहिलेलं असणारच, तुम्ही एक पाटी करा चांगल्या जाड अक्षरात: कृपया हात लावा. खाली बारीक अक्षरात: उलटी बाजूही बघावी.

प्रश्न: मी कोथरूडला राहते, क्रोशाच्या पर्स करते. ओळखीच्या बायका म्हणतात की दोरा आम्ही आणून देतो, तू फक्त करून दे. पैसे मागायला जीभ रेटत नाही. आणि मागितले तर म्हणतात तुळशीबागेत दीडशेला मिळते. एका पर्सला २८० रुपयांचा दोरा लागतो आणि ११ तास. काय किंमत लावू?

उत्तर: जीभ रेटत नसेल तर कागदावर लिहून दाखवा, मी तेच करते. तासाला ६० रुपये धरले, जे कमीच आहेत, तरी अकरा तासांचे ६६०, दोऱ्याचे २८०, झाले ९४०. अस्तर, चेन, बटण वेगळं. आकडा बघून तुमचा तुम्हालाच धसका बसला ना? बसू दे. तो आकडा खरा आहे.

तुळशीबागेतल्या दीडशेच्या पर्सचं म्हणाल तर त्यात एक मेख आहे जी बऱ्याच जणींना माहीतच नसते. स्वेटरसारखं दोन सुयांचं विणकाम मशीनवर होतं, पण खरा क्रोशा अजूनही मशीनवर होत नाही, मशीनवर होते ती क्रोशासारखी दिसणारी लेस. म्हणजे पर्स मशीनची असेल तर ती तुमच्या पर्सची बहीण नव्हेच, आणि खरी क्रोशाची असेल तर कुठेतरी कोणीतरी बाई ती हाताने करत बसलेली आहे आणि तिला त्या दीडशेतले किती मिळाले असतील त्याचा हिशोब तुम्हीच करा. आंध्रातल्या नरसापूरकडे बायका पिढ्यान्पिढ्या क्रोशाची लेस करतात, २०२४ साली त्या लेसला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, पण मान मिळाला म्हणून हातात पैसे पडतातच असं नाही.

९४० ला घेणारे कमी असणार हे उघड आहे, तेव्हा सोबत तासाभरात होणारं काहीतरी ठेवा, केसांचे स्क्रंची, कीचेन, बुकमार्क. डिसेंबरात भीमथडी जत्रेला गेलात तर नुसत्या खरेदीला जाऊ नका, दोन तास कोणत्याही एका हातकामाच्या स्टॉलच्या बाजूला उभं राहून बघा की गिऱ्हाईक उचलतं काय, ठेवतं काय आणि शेवटी घेतं काय.

दोरा आणून देते म्हणणारीला मी काय सांगते ते सांगू? म्हणते, दोऱ्याबरोबर एक सुई पण आण, चार वाजता ये, बसून शिकवते. बहुतेक जणी येत नाहीत. एक आली, तिला साखळी घालायलाच अख्खी दुपार गेली, आणि त्यानंतर तिने माझ्याकडून दोन वस्तू विकत घेतल्या, भाव न करता.

प्रश्न: ताई मी सेकंड इयरला आहे, हॉस्टेलवर राहते. कागदाचं क्विलिंग करते, म्हणजे कागदाच्या पट्ट्या गुंडाळून कानातले आणि कार्ड. सगळं व्हिडिओ बघून केलेलं असतं, त्यामुळे "स्वतः केलंय" म्हणताना खोटं बोलल्यासारखं वाटतं. स्वतःचं कधी सुचणारच नाही का?

उत्तर: अगं, रांगोळीचे ठिपके तू शोधून काढलेस का? पुरणपोळी? सगळे बघूनच शिकतात. कुणाचं बघून केलं ते सांगून टाकायचं, म्हणजे खोटं वाटायचा प्रश्नच राहत नाही. फक्त विकायला निघालीस तर जिचं डिझाइन आहे तिने विकायला परवानगी दिलीये का ते बघ, कितीतरी जणी व्हिडिओखाली स्पष्ट लिहितात.

सुचण्याचं असं आहे की एकच कानातलं दहा वेळा कर. व्हिडिओ पहिल्या तीन वेळाच लावायचा. सहाव्या वेळी पट्टीचा रंग संपलेला असेल म्हणून तू दुसरा घेशील, आठव्या वेळी गुंडाळी सैल सुटेल आणि ती चुकून जास्त बरी दिसेल, नवव्या वेळी मुद्दाम सैल सोडशील. तिथून पुढचं तुझं. आणि पावसाळ्यात कानातल्यांना वार्निशचे दोन हात दे, वाळवून वाळवून, नाहीतर एका टू-व्हीलर राइडमध्ये त्यांचा लगदा होईल.

प्रश्न: मी सदाशिव पेठेतला, वय ७१, तुम्हाला ताई म्हणतो पण वयाने बहुधा मीच मोठा. दरवर्षी दिवाळीला बांबूच्या कामट्यांचा आकाशकंदील घरी करायचो, मध्ये पाच-सहा वर्षं सुटलं. गेल्या वर्षी केला तर कागद ढिला पडला, लोंबला, आणि नातू म्हणाला, आजोबा ऑनलाइन मागवू. हात आता थोडा थरथरतो. परत करावा का, आणि कागद ढिला का पडतो?

उत्तर: करावा काका, आणि नातवाला कामट्या धरायला बसवा, थरथरीचा तेवढाच प्रश्न मिटतो.

कागद ढिला पडण्याची दोन कारणं असतात. एक म्हणजे खळ पातळ. एका वाटी मैद्याला चार वाट्या पाणी, गुठळी मोडून मंद आचेवर ढवळत राहायचं, पांढरेपणा जाऊन अर्धवट पारदर्शक झाली की उतरवायची. खळ कामटीला लावायची, कागदाला नाही, कागद ओला झाला की फुगतो आणि मग ताणता येत नाही. दुसरं कारण म्हणजे हवा. गेल्या वर्षी कंदील पावसातच चिकटवला असणार तुम्ही. कागद चिकटून पूर्ण वाळल्यावर वरून पाण्याचा अगदी हलका फवारा मारलात तर वाळताना तो आपोआप आखडून ताणला जातो, मात्र पतंगाच्या कागदाचा रंग सुटतो का ते आधी एका तुकड्यावर बघा, नाहीतर भिंतीवर, शर्टावर, सगळीकडे दिवाळी. आत दिवा एलईडीच लावा, जुन्या पिवळ्या बल्बने कागद करपतो.

तेव्हा कामट्या तासून सांगाडा आत्ता बांधून माळ्यावर ठेवून द्या, कागद दसरा झाल्यावर. आणि झुरळं कागद खाऊ नयेत म्हणून खळीत चिमूटभर मोरचूद घालायची तुमची जुनी पद्धत असेलच, तर ते विष आहे, नातवाला खळीत हात घालू देऊ नका आणि ते पातेलं परत स्वयंपाकघरात जाऊ देऊ नका.